किशनरावाच्या नावावरची वगार

३ जुलै, गुरुवार
नवी वही. पुढून उपचार, मागून मी. मागच्या वहीचं बी असंच, अर्धी औषधांनी भरली अन् अर्धी माझ्या बडबडीनं. पुढच्या पानावर मालकाची सही नाहीतर अंगठा लागतो. मागच्या पानावर कुणाचाच लागत न्हाई, म्हणून इथं खरं लिहिता येतं.

आज पहिल्याच पानावर गयामावशीचा अंगठा. ओढ्यापल्याड एकटीच राहती, एक खोली अन् कुडाचा गोठा. वगार गाभण, दिवाळीला व्यायची. कॅल्शियमची बाटली पाजली. वगार तशी मारुतीच्या गल्लीतल्या किशनरावची, मावशी अर्धलीनं सांभाळती. लहान होती तेव्हा आणली. चारापाणी मावशीचं, व्याली की अर्धी म्हैस मावशीची. असं तोंडी ठरलंय. "जल्मात पहिल्यांदा माझ्या दारात दूध निघल गं सुमन," म्हणली. वगार तिचा पदर चघळत होती अन् ही खुशाल चघळू देऊन राहिली.

दुपारी हदगावच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉ.सा.चा फोन. नदीकाठच्या गावांत पुरात जनावरं काढायला लोकांचंच पथक करायचंय. ट्रेनिंग लातूरला. "पशुसखी म्हणून तुमचं नाव दिलंय, सुमनताई."

सहा वर्षं झाली पशुसखी होऊन, गावच्या जनावरांचं औषधपाणी करून. दोन सालाखाली पैनगंगेचं पाणी आलं तेव्हा कोयता घेऊन दावी कापत कोण फिरलं? मीच. आता प्रमुख दुसरं कोण होणार! ह्यांना सांगितलं तर म्हणले, "म्हणजे आता चहा बी शिट्टी वाजवल्यावर मिळणार."

६ जुलै, रविवार
लातूरला दोघी जायच्यात. दुसरी कोण, तर शिल्पा. सरपंचाची सून. दोन सालाखाली लग्न होऊन लातूरहून आली. बी.एस्सी. झालेली. गोठ्यात शेण दिसलं की उडी मारती. तिला रेडा अन् म्हैस कळती का विचारायला पाहिजे.

नाव ऐकलं अन् अर्धी भाकर ताटातच ठेवून उठले. ह्यांनी विचारलं, पोट दुखतंय का? न्हाई म्हणलं. दुखत होतंच.

१५ जुलै, मंगळवार, लातूर
सकाळी निघालो. अर्धापूरला बस थांबली तर शिल्पानं खिडकीतून केळी घेतली अर्धा डझन. चार मला, दोन तिला. लई गोड होती. सांगितलं न्हाई.

नांदेडला गाडी बदलली. रस्ताभर ती "ताई, ताई". ताई, म्हैस माजावर आली कसं ओळखायचं? ताई, वासराला चीक किती वेळात पाजायचा? सगळं मोबाइलवर लिहून घेती. माझंच शिकून माझ्यावरच चढणार ही, तेव्हाच मनात आलं.

मुक्काम तिच्या माहेरी. वडलांचं भुसार मालाचं दुकान, कपाळाला भस्म. आई दारात येऊन "शरणार्थ" म्हणली. जेवायला बसलो तशी मला वाटलं, आता माझा तांब्या वेगळा ठेवतील. मी वाटच पाहून राहिले होते. ठेवला असता तर शिल्पावर चिडायला हक्काचं कारण भेटलं असतं. आईनं माझ्या शेजारीच बसकूर टाकलं, माझ्या ताटात धपाटं, वर लोण्याचा गोळा, माझ्याच तांब्यातलं पाणी स्वतः प्याली. तेवढंबी कारण दिलं न्हाई बाईनं.

१६ जुलै, बुधवार
सरांनी विचारलं, पुरात जनावर कशानं मरतं? सगळे म्हणले पाण्यानं. मी म्हणलं, "दाव्यानं. सोडलेलं पोहून निघतं, बांधलेलं मरतं." सर थांबले. पुढं बोलावलं. दोरी दिली हातात. सुरगाठ मारून दाखवली, एक टोक ओढलं की मोकळी. मग निरगाठ. ती ओढाल तेवढी आवळती, अन् नायलॉनची असून भिजली तर कुणाच्या बापाला सुटत न्हाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला जल्मात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

अन् मग शिल्पा उठली. "सर, कोणत्या गोठ्यात किती जनावरं आहेत हेच माहीत नसलं तर माणसं पाठवायची कुठं?" सर म्हणले, वा! कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरनं मालकाची यादी निघती म्हणे. "तुमच्या गावची कोण करील?"

मला आली असती. सगळा गाव गोठ्यागोठ्यानं डोक्यात हाय माझ्या. पण हात वर करायला लाज वाटली. वाटलं, आत्ताच टाळ्या पडल्यात, सर आपलंच नाव घेतील. शिल्पाचा हात वर. संध्याकाळी कागद भेटला. पथकप्रमुख शिल्पा, उपप्रमुख सुमन.

१७ जुलै
परतीला ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, अहमदपूरपासून नांदेडपर्यंत. हलवावं वाटलं. हलवलं न्हाई. खांदा आखडलाय.

२० जुलै, रविवार
ग्रामसभा. प्रमुखाला नारंगी जाकीट अन् शिट्टी. उपप्रमुखाला गुलाबाचं फूल.

जाकीट तिला ढगळं होतं. मला बरोबर बसलं असतं. माझ्या मापाचंच होतं ते!

"तू त्या पोरीवर जळून राहिलीस," हे म्हणले. "माझी जूती जळती," म्हणलं. हे टेम्पो घेऊन केळी भरायला गेले अन् मी भाकरी करपवली.

२८ जुलै, सोमवार
आज पेपरात फोटो आला. "गावच्या जनावरांसाठी सुनेचा पुढाकार." शिल्पा अख्खी, जाकीट, शिट्टी, हसून राहिली. तिच्या शेजारी मी होते. फोटो कापला तो नेमका माझ्यावरनं. माझा हात तेवढा आलाय, दाव्यासकट. बांगड्यांवरनं ओळखला.

दुपारी तीच आली, यादीचे कागद घेऊन. "ताई, एकदा नजर टाका ना. बिल्ल्यांवरनं केलीय. चुकलं असलं तर तुम्हालाच कळेल." वाचली. गल्ली, घर, मालक, जनावरं, कोणी काढायची. लई नीट केलती. त्याचाच जास्त राग आला.

तिसऱ्या पानावर किशनराव. बैल दोन, वगार एक. मारुतीची गल्ली.

वगारीला बिल्ला मारला तेव्हा ती किशनरावच्या गोठ्यात होती. आता ती ओढ्यापल्याड गयामावशीच्या कुडात हाय, हे बिल्ल्याला काय मालूम? मला मालूम. तोंड उघडलं बी होतं. तेवढ्यात शिल्पा म्हणली, "फोटो बघितला का ताई? किती छान आला ना!"

"बरोबर हाय यादी," म्हणलं.

बघू दे तिला. एक दिवस कुणी तरी विचारील, अन् मग म्हणावं लागल, ताई, तुम्हीच सांगा.

९ ऑगस्ट, शनिवार
तालीम झाली. वीस-बावीस जण, बाया बी. शिट्टी वाजली की आपापली गल्ली, दावी मोकळी, जनावरं शाळेच्या माळावर. कुंभारगल्लीचीच जनावरं काढली नमुन्याला. अर्ध्या तासात वर. डॉ.सा. शिल्पाला म्हणले, "तुमच्यासारख्या पाच मुली मिळाल्या तर तालुका वाचेल." मी शेजारीच उभी. मी काय, खुंटा?

यादीचं सांगायचं होतं. डॉ.सा.समोर सांगावं म्हणलं तर तिचा पाणउतारा होईल, एकटीला सांगावं म्हणलं तर ती गुपचूप दुरुस्त करील अन् नाव तिचंच. असा विचार करत बसले अन् सगळे चहा पिऊन गेले बी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
आमच्या घरात पोळा न्हाई. पण माझं काम आजच असतं. पोळ्याला सगळे नवी दावी बांधतात, आजकाल नायलॉनची, झुलीला शोभतील अशी रंगीत, अन् पूर येतो तो ह्याच दिवसांत. सहा वर्षं मी दारोदार सांगून राहिले, माय-बापांनो, निरगाठ मारू नका. हाव हाव म्हणायचे, माझी पाठ फिरली की आवळायचे.

आज शिल्पानं वेशीतल्या मायकावर दोन मिनिटं सांगितलं. तोरणाखालून मानाचा बैल जायच्या आधी. सगळ्या गावानं सुरगाठी मारल्या! म्हातारे-कोतारे बी एकमेकाला टोक ओढून दाखवून राहिलते. माझीच गाठ. लातूरला माझ्या हातची शिकली. अन् मायकावर म्हणली, "ही गाठ आपल्या सुमनताईंची." असं म्हणून तर तिनं माझं भांडायचं तोंडच बंद केलं.

घरी येताना गयामावशी रस्त्यात. वगारीला नवं दावं घेतलं होतं, हिरवं. ओढ्यापल्याड मायक काही ऐकू गेला नव्हता. "सुमन, चल की. तुझ्या हातानं बांधून दे. ती सुटायची गाठ."

मी म्हणलं, "शिल्पाबाईला बोलाव. आता तीच प्रमुख हाय."

मावशी हसली. तिला वाटलं मी थट्टा करून राहिले. "बरं माय, मीच बांधते," म्हणली अन् गेली.

२७ ऑगस्ट, बुधवार
दोन दिवस झाले ओढ्यापल्याड जाऊन गाठ बघायची म्हणते. आज निघाले तर सरपंचाच्या घरापुढं गाडी उभी. शिल्पाला नांदेडला भाषणाला बोलावलंय, दहा गावांच्या बायांपुढं. तिला न्यायला गाडी, अन् माझ्या सहा वर्षांत मला कुणी सायकल पाठवली न्हाई. डोकंच फिरलं. उलट्या पावली घरी आले. शेळीला उगाच एक हाणली.

१५ सप्टेंबर, सोमवार
परवापासून पाऊस खळला न्हाई. वरच्या धरणातून पाणी सोडणार म्हणून दवंडी. किशनराव लेकीकडं नांदेडला हाय. माझ्या दोन्ही शेळ्या आजच माळावर नेऊन बांधल्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार
सकाळ. शिट्टी वाजली. जाते.

१७ सप्टेंबर, बुधवार
मुक्तिदिन. शाळेत झेंडा झाला, पोरं कमी अन् म्हशी जास्त. लिहायचं हाय, पण आज न्हाई. उद्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार
जसं झालं तसं लिहिते.

नऊला शिट्टी. नदीचा फुगवटा ओढ्यात शिरला होता, खालच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी. माणसं यादीप्रमाणं पांगली. कुठं आरडाओरडा न्हाई, कुठं एकाच गोठ्यात दहा जण न्हाईत. टोक ओढलं की जनावर मोकळं. दोन सालाखाली आम्ही दिवसभर कापाकापी केली अन् तरी सात जनावरं गेली. आता बाराच्या आत सगळा गाव माळावर.

शिल्पा शाळेच्या ओट्यावर, भिजलेली, कागद प्लास्टिकात. नावं पुकारून खुणा करून राहिली. किशनराव? मारुतीच्या गल्लीवाले म्हणले, "दोन बैल आणले. गोठा रिकामा केलाय." तिनं वगारीपुढं बी खूण केली. तेवढ्यात तहसीलची माणसं आली. शिल्पा त्यांना म्हणली, "एकूण एक जनावर वर आलंय, सर."

मी ऐकलं. माझ्या हातात चहाचा गिलास होता. माझी नजर तवर सगळ्या माळावर फिरून आलती, अन् वगार तिथं नव्हती. मला आनंद झाला. इथं लिहिते, कारण इथं कुणाचा अंगठा लागत न्हाई. मला आनंद झाला की हिची यादी चुकली, तहसीलवाल्यांपुढं चुकली, अन् आता मी एक शब्द बोलले की सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळतील. तो शब्द कसा बोलायचा, कोणत्या आवाजात, ते मी ठरवत बसले. अख्खा चहा पिईपर्यंत ठरवत बसले. वगारीचाच विचार चालला होता माझा. मावशीचा आलाच न्हाई डोक्यात.

गिलास ठेवला तेव्हा आला. वगार न्हाई म्हणजे मावशी बी न्हाई. ती तिला सोडून यायची न्हाई.

"शिल्पा! गयामावशी! वगार तिच्याकडं हाय!" ओरडले मी. कोणत्या आवाजात ओरडले काय ठाऊक.

शिल्पानं एक शब्द विचारला न्हाई. कागद टाकले अन् पळाली. कमरेला दोर बांधून ती पुढं, मागं दोघं गडी दोर धरून, त्यांच्या मागं मी कोयता घेऊन. शेण दिसलं की उडी मारणारी पोर, छातीभर गढूळ पाण्यात घुसली. गोठ्याचा कूड निम्मा गेला होता. मावशी पाण्यात उभी, वगारीचं तोंड दोन्ही हातांनी वर धरून. किती वेळ धरलं होतं कुणास ठाऊक. दाव्याचा एक वेढा स्वतःच्या मनगटाला. "गाठ सुटंना गं सुमन, गाठ सुटंना," एवढंच.

मी पाण्याखाली हात घातला. निरगाठ. फुगलेली, दगडासारखी. बोटांनी कळली मला. कोयता चालवला, दोनदा, तीनदा. तुटलं. पण वगारीनं मान टाकली होती. धारेला लागली ती, अन् मावशीच्या मनगटाला वेढा. मावशी बी ओढली गेली. शिल्पानं तिला मागून मिठी मारली अन् सोडलीच न्हाई. मी वेढा कापला. त्याच्या आधीच तिच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

वगार आज सापडली, खाली बाभळीत अडकलेली. हिरवं दावं गळ्यात.

२१ सप्टेंबर, रविवार
पारावर बैठक. एवढी जनावरं वाचली, कुणी बोललं न्हाई. गेली त्या एकीचंच सगळे. यादी कुणी केली? किशनराव नांदेडहून आला होता. म्हणला, "वगार तिकडं हाय म्हणून मला कुणी विचारलंच न्हाई. बिल्ला माझ्या नावावर, एवढंच मालूम." सासऱ्यानं, म्हणजे सरपंचानं, खाली मान घातली.

शिल्पा उभी राहिली. "माझी चूक आहे. यादी माझी होती. जनावर कुणाच्या नावावर आहे ते मी लिहिलं, कुठं बांधलंय ते बघितलं नाही." जाकीट काढलं, घडी घातली, शिट्टी वर ठेवली.

मागून कुणीतरी, "सुमनलाच करा प्रमुख. तिनंच ओळखलं वगार न्हाई म्हणून." सगळे हाव हाव. मी खाली बघून राहिले. लोकांना वाटलं, बघा, किती साधी बाई.

२४ सप्टेंबर, बुधवार
शिल्पा आली. डोळे सुजलेले. चहा नको म्हणली.

"ताई, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं का वगार मावशीकडं आहे?"

"न्हाई. ऐन वेळी ध्यानात आलं." कसं पटकन निघालं तोंडातून! जसं काही जिभेवर तयारच होतं.

तिनं सुस्कारा सोडला. "मग ठीक आहे. मला वाटत होतं, यादी दाखवायला आले तेव्हा तुम्ही काहीतरी बोलायला गेलात, अन् मी मध्येच फोटोचं काढलं. तुमचं ऐकायचं राहिलं का, हेच डोक्यात फिरतंय माझ्या."

गेली ती. माझं अजून जळतंच हाय. तिला "माझी चूक" म्हणता येतं. चार माणसांत, उभं राहून. अन् चूक तर तिची निम्मी बी न्हाई. मला कवा जमलं असतं?

२८ सप्टेंबर, रविवार
गयामावशीला बघायला गेले. हात पलास्टरमध्ये, पुतण्याच्या ओसरीवर बसलेली. तिला भाकर मोडता येईना, मी कुस्करून दिली.

मला वाटलं ती आता म्हणल, पोळ्याच्या दिवशी तुला बोलावलं होतं. मी तयारी करून गेलते. मावशी म्हणली, "मीच गाठ चुकीची मारली गं. तू किती वर्षं सांगून राहिलीस, माझ्याच डोक्यात शिरलं न्हाई." मग म्हणली, "पदर चघळायची ना. आता पदर कोरडाच राहतो. कसंतरी वाटतं."

घरी येऊन शेळ्यांना पाणी दाखवलं. हे म्हणले, काय झालं? काही न्हाई.

३० सप्टेंबर, मंगळवार
जाकीट घरी आलं. शिल्पानं धुऊन, इस्त्री करून पाठवलंय. खिशात शिट्टी. घालून पाहिलं. बरोबर बसलं. काढून खुंटीला टांगलं अन् त्याच्याकडं पाठ करून स्वयंपाक केला.

७ ऑक्टोबर, मंगळवार. पौर्णिमा
विहारात गेले. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं बोलणार न्हाई त्याला, तोंड हललं पण आवाज निघाला न्हाई. शेजारचीनं पाहिलं. खोकला आलाय म्हणलं. म्हणजे तिथं बी खोटंच.

बाहेर पडले तर शिल्पाचा फोन. आवाज पुन्हा पहिल्यासारखा. "ताई, तुम्ही प्रमुख, पण यादी मी करून देऊ का? बिल्ल्यावरनं नाही. तुमच्या उपचाराच्या वहीवरनं. तुम्ही प्रत्येक जनावराला जिथं बांधलंय तिथंच जाऊन औषध देता ना? म्हणजे कोण कुठं उभं आहे ते सगळं तुमच्या वहीत आलंच असणार. उद्या सकाळी येते. वही द्याल?"

हाव म्हणलं. दुसरं काय म्हणणार! इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली न्हाई, तिच्या आली. आता बी जळलं. कमाल हाय माझी.

मग ध्यानात आलं, वही कोणती.

८ ऑक्टोबर, बुधवार
सकाळचे आठ. हे टेम्पो घेऊन गेले.

मागची पानं फाडायची ठरवलं. सगळ्यात शेवटचं, म्हणजे माझं पहिलं, धरून ओढलं. अर्धवट फाटलं अन् पुढून काहीतरी सटकलं. शिवलेली वही. मधोमध दोरा, मागचं पान अन् पुढचं पान एकाच कागदाचं. माझं पान निघालं की पुढचं पहिलं पान बी सुटतंय. पाहिलं तर तेच. ३ जुलै. वगार, गाभण, कॅल्शियम एक बाटली. ठिकाण: गयाबाईचा गोठा, ओढ्यापल्याड. खाली मावशीचा अंगठा, निळा, ठसठशीत.

म्हणजे मागचं वाचलं न्हाई तरी पुढचं वाचून शिल्पाला कळणारच हाय. मला मालूम होतं ते. २४ तारखेला मी न्हाई म्हणले ते.

दुसरी वही आणून नवी उतरवून काढता येईल. ते पान सोडून. सगळ्यांचे अंगठे पुन्हा घ्यावे लागतील, मावशीचा सोडून. मावशीचा उजवा पलास्टरमध्येच हाय तसा बी.

शी. काय लिहून राहिले मी हे.

फाटलेलं पान भाताच्या शितानं चिकटवलं. बसलं नीट.

गाडी वाजली. दारात हाक, "ताई, आहात का?" हाव म्हणलं, ये. चप्पल काढून राहिलीय ती. जाकीट खुंटीलाच हाय. वही हातात हाय, पण पुढून उघडून द्यायची का मागून, ते अजून ठरलं न्हाई.